तिसरा ठिपका

चंद्र कशाला म्हणायचं हे लहान मुलाला विचारलं, तर ते बोट वर करून दाखवतं आणि खेळायला पळतं. आम्ही पडलो शिकलेली माणसं. आम्हाला अकरा महिने लागले, सात सदस्यांची समिती लागली, आणि त्या समितीची चिटणीस म्हणून अकरा महिन्यांचा सगळा कीस मी कागदावर उतरवून घेतला.

आमचं कार्यालय म्हणजे आकाशातल्या किरकोळ मालाचं दुकान. बड्या ग्रहांचं बघायला बडी माणसं आहेत. आमच्याकडे येतात ते लघुग्रह, धूमकेतू आणि दूरच्या ग्रहांभोवती फिरणारे बारके बारके दगड. ठिकठिकाणच्या दुर्बिणींवरून रोज ठिपक्यांच्या जागा येतात. त्यातला कुठला ठिपका नवा, कुठला जुना, कुठला नुसताच कॅमेऱ्यातला दोष, हे तपासून सही करायची, हे माझं काम. बत्तीस वर्षं मी तेच केलं. जरा संशय आला की मी ठिपका छाटते, म्हणून कार्यालयात मला ‘कात्री’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. नव्या माणसांना शिकवायची पुस्तिका मीच लिहिली आहे आणि तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं आहे, ‘शंका आली की टाकून द्या.’

तर भानगड अशी झाली, की कॅमेरे सुधारले आणि चंद्र फार झाले. एकट्या शनीचेच शेकड्यांनी. पूर्वी नवा चंद्र सापडला की शोधणाऱ्याचा फोटो छापून यायचा. आता एकाच दिवशी दहा-बारा सापडतात आणि शोधणाऱ्याची बायकोसुद्धा विचारत नाही. समितीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही ‘मोजपट्टी’ म्हणायचो, ते या प्रकाराला वैतागले होते.

“एक किलोमीटरच्या धोंड्याला चंद्र म्हणायचं,” ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, “तर मग शनीच्या वलयातल्या खड्यांनी काय घोडं मारलंय? त्यांनाही म्हणा. घराएवढा आहे, म्हणा चंद्र. टेबलाएवढा आहे, म्हणा चंद्र. कुठेतरी रेघ मारायची की नाही?”

“ग्रहाभोवती फिरतो ना? मग झाला चंद्र,” त्यांच्या शेजारच्या सदस्यबाई म्हणाल्या. “बारकं आहे म्हणून पोराला पोर म्हणायचं नाही का?”

या दोघांत पाच महिने गेले. मग किती काळ फिरला म्हणजे चंद्र, यावर तीन महिने. काही दगड वाट चुकून ग्रहाजवळ येतात, अर्धा-एक फेरा मारतात आणि निघून जातात. त्यांना पाहुणे म्हणायचं की घरचे? शेवटी आला तिसरा मुद्दा, आणि तो मात्र एका दुपारीत निकालात निघाला. जो चंद्र सापडल्यावर पंधरा वर्षांत पुन्हा कोणालाही दिसला नाही, त्याचं काय?

“जो एकदा दिसला आणि पुन्हा कधीच दिसला नाही,” मोजपट्टी म्हणाले, “तो चंद्र नव्हे. ती अफवा.”

सगळे हसले. मी ते वाक्य लिहून घेतलं. मला हसू आलं नाही, कारण त्या अफवांमधली एक अफवा माझ्या भावाची होती.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांना दोघांना शिकवणं जमणार नव्हतं आणि त्यांनी ते जेवताना सरळ सांगून टाकलं. दादाने पुढचा घासही थांबवला नाही. म्हणाला, “हिला शिकवा. हिचं डोकं चालतं. माझे डोळे चालतात, मला कुठेही काम मिळेल.” मिळालंही. डोंगरावरच्या वेधशाळेत तो दुर्बीणचालक झाला. शास्त्रज्ञ यायचे, कागदावर जागा लिहून द्यायचे, आणि दादा दुर्बीण तिकडे वळवायचा. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांना आकाश दाखवलं. त्याला कोणी नावाने ओळखत नव्हतं, पण दुर्बिणीचं तोंड अर्ध्या केसाने चुकलं असेल तर ते त्याला पडद्यावर नुसतं बघून कळायचं.

शास्त्रज्ञांनी टाकून दिलेल्या प्रतिमा दादा दिवसा, झोप झाल्यावर, चाळत बसायचा. एकाच जागेच्या दोन प्रतिमा पडद्यावर आळीपाळीने दाखवायच्या. तारे जिथल्या तिथे राहतात आणि एखादा ठिपका हलला तर टुणकन उडी मारल्यासारखा दिसतो. आम्ही याला उघडझाप म्हणतो. हल्ली हे काम यंत्र करतं. दादा ते डोळ्यांनी करायचा आणि सतरा वर्षांपूर्वी, शनीपासून बराच दूर, त्याला एक ठिपका हलताना दिसला. लागोपाठच्या दोन रात्रींच्या प्रतिमांत. इतका अंधुक की शास्त्रज्ञांच्या यंत्राने तो सोडून दिला होता.

एका ठिपक्याने काही कळत नाही. दोन ठिपक्यांनी दिशा कळते. तिसरा ठिपका, तोही काही आठवड्यांनंतरचा, मिळाला तर कक्षा बसवता येते, म्हणजे तो पुढे कुठे असेल हे सांगता येतं. दादाने तीन महिने वाट पाहिली आणि तिसरा पाठवला. सोबत चिठ्ठी होती. ती मला पाठ आहे. ‘पंडितीणबाई, पहिले दोन नक्की आपले. तिसऱ्याची मला खात्री नाही. जरा घाईत चालल्यासारखा वाटतो. त्या रात्री ढग आले, दोनच प्रतिमा मिळाल्या. तुझं तू बघ.’

मी बघितलं. तिन्ही ठिपके एका कक्षेत बसत नव्हते. अगदीच बसत नव्हते असंही नाही. दार थोडं घासत होतं, एवढंच. आमच्या कामात यावर एक उपाय असतो. ज्या रात्री ढग होते, हवा वाईट होती, त्या रात्रीच्या मोजमापाला वजन कमी द्यायचं. म्हणजे गणिताला सांगायचं की हा साक्षीदार जरा तोतरा आहे, त्याचं फार मनावर घेऊ नकोस. दुसऱ्या कोणाचा ठिपका असता तर मी तो छाटला असता आणि चार खरमरीत ओळी लिहून परत पाठवला असता. पण त्या वर्षीची यादी आठवड्याने बंद होणार होती आणि मला माझ्या भावाचं नाव त्या यादीत हवं होतं. मी तिसऱ्या ठिपक्याचं वजन कमी केलं. कक्षा बसली. मी सही केली आणि दादाला फोन लावला.

“तिसरा तुझाच आहे,” मी म्हटलं. “गणित सांगतंय.”

“नक्की?” तो म्हणाला. “मला तो...”

“दादा, हे माझं काम आहे.”

“बरं बाई,” तो म्हणाला. “तुझं डोकं.”

यादीत नाव छापून आलं. वहिनींनी त्या पानाची चौकट करून भिंतीवर लावली. वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दादाला पहिल्यांदा आपल्या टेबलावर चहाला बसवलं. पुढच्या वर्षी मी सांगितलेल्या जागी दादाने दुर्बीण लावली. तिथे काही नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा लावली. साडेसाती साडेसात वर्षांची असते म्हणतात. शनी आमच्या दादाच्या मागे अकरा वर्षं लागला होता. शास्त्रज्ञांचं काम लवकर आटपलं की उरलेल्या वेळात तो शनीकडेच वळायचा. दर वर्षी मला विचारायचा, “जागा बरोबर आहे ना गं?” दर वर्षी मी त्याच कक्षेवरून पुढची जागा काढून द्यायची आणि म्हणायची, “बरोबर आहे.”

अकराव्या वर्षी त्याने स्वतःच ठरवलं की आपले डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे. दादाने दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा. पाच चष्मे केले. “डॉक्टरांना काय कळतंय?” म्हणायचा. “त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवली की झालं. मला माझा चंद्र दिसत नाही, म्हणजे डोळे गेलेच की.” शेवटी त्याने दुर्बिणीची खुर्ची सोडली आणि खालच्या कार्यालयात भांडारावर बदली मागून घेतली. उरलेली वर्षं त्याने खोक्यांवर क्रमांक चिकटवले. मी तेव्हा त्याला म्हणाले होते, “वय झालं की व्हायचंच, दादा.” असं मी खरंच म्हणाले होते.

आता दादाची फुप्फुसं संपत आली होती. घरीच, खिडकीजवळच्या पलंगावर, नाकात नळी आणि उशाशी घरघरणारं प्राणवायूचं यंत्र. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं होतं की महिनाभर. दादाला ते न सांगताच कळलं होतं. त्याला फक्त एकच चौकशी होती, आणि ती तो मी दारात पाऊल टाकल्याबरोबर करायचा.

“काय म्हणतेय समिती? माझा राहतोय की जातोय?”

“चाललंय,” मी म्हणायची.

“वन्सं,” वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “काही करता येत असेल तर करा हो. यांना दुसरं काही नको आहे. सकाळी उठले की तेच, झोपताना तेच. एकदा राहिला म्हणून सांगा, सुखाने डोळे मिटतील.”

मी म्हटलं, “बघते.”

हरवलेल्या चंद्रांची यादी चौदांची होती. नाव काढण्यापूर्वी प्रत्येकाची शेवटची शहानिशा करायची, असं समितीने ठरवलं आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. जुने ठिपके घ्यायचे आणि नंतर सापडलेल्या सगळ्या चंद्रांच्या कक्षांशी ताडून बघायचे. न जाणो, हरवलेला म्हणून ज्याला रडतोय तो दुसऱ्याच नावाने सापडलेला असायचा. तेरा मी दोन दिवसांत उरकले. एकही जुळला नाही. दादाचा आठवडाभर तसाच ठेवला. माझ्या टेबलासमोर खिडकी आहे, खाली गाड्या लावायची जागा आहे. त्या आठवड्यात कोणाची गाडी कुठे उभी असते हे मला पाठ झालं.

मग एका सकाळी चहाही न घेता बसले आणि दादाचे तिन्ही ठिपके यंत्राला दिले. जुळणी नाही. मला हायसं वाटलं. का वाटलं हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. यादीत ‘जुळणी नाही’ असं लिहिलं, फाइल बंद करायला घेतली, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने हात गेला. शंका आली की टाकून द्या. मी तिसरा ठिपका टाकून दिला आणि पहिले दोनच ठेवून पुन्हा विचारलं.

यंत्राला दोन सेकंदही लागले नाहीत.

ते दोन ठिपके शनीच्या एका चंद्राचे होते. तो चंद्र नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या खंडातल्या एका बाईंनी, दुसऱ्या दुर्बिणीतून शोधला होता. चार किलोमीटरचा. कक्षा पक्की, क्रमांक पक्का, छान नाव दिलेलं, मोजपट्टीच्या कुठल्याही रेघेच्या वर. मी त्याची कक्षा मागे, सतरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन रात्रींपर्यंत नेली. दादाने जिथे बोट ठेवलं होतं तिथेच तो होता. एका केसाचाही फरक नव्हता. आणि तिसरा ठिपका म्हणजे त्या दिशेने योगायोगाने जाणारा कोणी भलताच लघुग्रह होता, जो खरोखरच जरा घाईत होता.

तिन्ही ठिपके मी एका नावाखाली बांधून ठेवले होते, म्हणून इतक्या वर्षांत यंत्राने कधी दोघांना सुटं करून पाहिलं नाही. मी तिसरा छाटला असता तर दादाचं नाव त्या वर्षीच्या यादीत आलं नसतं, बस. तो आजूबाजूला शोधत राहिला असता आणि वर्ष-दोन वर्षांत त्याला तो पुन्हा दिसला असता, कारण तो तिथेच होता आणि दादाचे डोळे शाबूत होते. त्याऐवजी अकरा वर्षं मी त्याला रिकाम्या आकाशाकडे बघायला लावलं.

मी दार लावून घेतलं आणि नियमावली काढली. नियम स्पष्ट होता आणि गंमत म्हणजे त्याचा मसुदाही माझाच. कार्यालयाच्या तपासणीतल्या चुकीमुळे शोध हरवला असेल, तर चूक लेखी कबूल करून समितीपुढे ठेवायची. समिती शोधाचं श्रेय पहिल्या निरीक्षकाला देऊ शकते. एक पत्र. चूक कोणाची, कधी, कशी, खाली सही. दादाचा चंद्र राहिला असता. नुसता राहिला नसता, चांगला चार किलोमीटरचा खणखणीत चंद्र म्हणून राहिला असता.

मी पत्र लिहायला घेतलं. ‘सतरा वर्षांपूर्वी माझ्या’ इथपर्यंत लिहिलं.

पुढचे सहा दिवस मी स्वतःला काय काय समजावलं ते सांगते. म्हटलं, मरणाऱ्या माणसाला आता हे कशाला सांगायचं? चंद्र मिळेल, पण अकरा वर्षं फुकट गेली हेही कळेल. म्हटलं, त्या दुसऱ्या बाईंचा काय गुन्हा? त्यांच्या हातातलं का काढायचं? म्हटलं, माझ्या एका सहीवर शंका आली तर बत्तीस वर्षांतल्या हजारो सह्यांवर येईल, कार्यालयाची अब्रू जाईल. प्रत्येक कारण तासून-घासून गुळगुळीत केलं. सगळं खोटं होतं. मला लाज वाटत होती, एवढंच खरं होतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे ठिपके छाटले, तिने आपल्या भावासाठी एक ठिपका पोटात घातला, हे त्या सात जणांपुढे वाचून दाखवायची मला लाज वाटत होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी दादाकडे गेले. पत्राचा तो अर्धा कागद पर्समध्ये होता. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. दादाने मला पलंगाच्या काठावर बसायला सांगितलं. दोन शब्द बोलायचे तर मध्ये थांबावं लागत होतं त्याला.

“माझा काढून टाका,” तो म्हणाला.

“काय?”

“मी विचार केला. मला दिसलाच नसेल तो. कॅमेऱ्यातला दोष असेल. मला... मला हवा होता ना, म्हणून दिसला असेल.”

“दादा...”

“ऐक. तू चिटणीस. चौदा नावं वाचायची, त्यात भावाचं नाव. लोक काय म्हणतील? बहीण म्हणून ठेवला म्हणतील. तुझ्या सहीला कधी कोणी बोट लावलं नाही. माझ्यामुळे नको.”

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. हात थंड होता आणि नखं निळी पडली होती. पर्स माझ्या मांडीवरच होती. चेन उघडायची, कागद काढायचा आणि म्हणायचं की दादा, तुझे डोळे ठीक होते. चार-पाच शब्द. जिन्यात वहिनींची पावलं वाजेपर्यंत माझ्याकडे पाच मिनिटं तरी होती. मी प्राणवायूच्या यंत्रावरचा काटा बघत बसले.

“बरं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीवर अर्धा उतरवलेला पडदा. पहिल्या दोन कलमांवर पुन्हा अर्धा तास वाद झाला आणि शेवटी एक किलोमीटरची रेघ ठरली. सदस्यबाईंनी आपला विरोध नोंदवायला सांगितला, मी नोंदवला. मग मी चौदा हरवलेले वाचायला लागले. प्रत्येकाला मोजपट्टी विचारायचे, “शहानिशा?” मी म्हणायची, “केली. जुळणी नाही.” नववा दादाचा होता.

“शहानिशा?”

“केली,” मी म्हटलं. “जुळणी नाही.”

मोजपट्टींनी पेन खाली ठेवलं. हा माणूस कोणासाठी कधी थांबल्याचं मी पाहिलं नव्हतं.

“हा तुमच्या बंधूंचा ना?” ते म्हणाले. “ते फार आजारी आहेत असं ऐकलं. असं करू, हा एक आपण बाजूला ठेवू. वर्षभराने बघू. हवं तर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा एकदा तपासून घेऊ. कोणाची हरकत आहे?”

कोणाचीच नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मायेने बघत होते. दुसऱ्या कोणाकडून तपासून. दुसऱ्या कोणीही तिसरा ठिपका बघता क्षणी छाटला असता. मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

“माझी हरकत आहे,” मी म्हटलं. “नियम सगळ्यांना सारखाच. बंधूंचीही तशीच इच्छा आहे.”

मग मोजपट्टींनी मान हलवली आणि नवव्यासमोर खूण केली. पुढचे पाच मी वाचले. बैठक संपल्यावर सदस्यबाई माझ्याजवळ आल्या, माझा खांदा दाबला आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कागद गोळा करत होते. मला त्या क्षणी कोणीतरी कानाखाली वाजवायला हवी होती.

मी दादाकडे पोचण्याआधीच बातमी पोचली होती. समितीतल्या कोणीतरी वेधशाळेत फोन केला होता, वेधशाळेने वहिनींना. वहिनींनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाल्या.

“ठेवत होते म्हणे,” त्या एवढंच म्हणाल्या. “तुम्हीच नको म्हणालात.”

भिंतीवरची चौकट उतरवलेली होती. तिच्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसत होता. ती कोणी उतरवली हे मी विचारलं नाही, पण वहिनी उतरवणार नाहीत हे मला माहीत होतं. दादाने सांगितल्याशिवाय तर नाहीच.

दादा उशांना टेकून बसला होता. पाच चष्म्यांपैकी एक डोळ्यांवर होता. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल. फिरवलं असतं तर बरं झालं असतं. मग मी कदाचित रडले असते, आणि रडता रडता तोंडून निघून गेलं असतं. पण तो माझ्याकडे बघून हसला. श्वास गोळा करायला त्याला वेळ लागला.

“शाब्बास,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर... नाही म्हणालीस.”

“दादा, तू बोलू नकोस.”

“बोलू दे.” तो थांबला. यंत्र घरघरलं. “सतरा वर्षं. माझ्या चुकीवर... तुझी सही राहिली. दर वर्षी तुला जागा काढायला लावायचो. तू कधी... एका शब्दाने बोलली नाहीस. माझ्यामुळे तुला आज... त्या लोकांसमोर खाली बघावं लागलं.” त्याने चष्मा काढला. डोळे पाणावले होते, पण नितळ होते; या वयात इतके नितळ डोळे मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाहीत. “मला माफ कर गं.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणते याची वाट बघत.

मी दादाच्या हातातला चष्मा घेतला, पदराने पुसला आणि त्याच्या उशाशी ठेवला.

“असू दे रे दादा,” मी म्हटलं. “चुकतं माणसाचं.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला, जेवढा त्याला सोडता येत होता तेवढा, आणि डोळे मिटले.